भोकं पडलेला पदर आणि केसाळ अळी: कार्पेट बीटल घरातून घालवायचा कसा

दिवाळी झाली, सकाळचा गारठा जाणवायला लागला की बेळगावातल्या ट्रंका उघडतात आणि त्यातला निम्मा माल माझ्या दुकानात येतो. मी शहापुरात रफू, फॉल-पिको आणि साडी पॉलिशचं काम करते. स्वेटर, शाली, सासूबाईंची सोवळ्याची धाबळी, इरकलीचा पदर, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर होऊन आलेल्या कुणाचं तरी जाडजूड ब्लँकेट. सगळ्यांना भोकं, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. "डांबरगोळ्या घातल्या होत्या वो ताई, तरी कसर लागली." कानडी गिऱ्हाईक "हुळ बिद्दावरी अक्का" म्हणत पिशवी पुढं करतं. रफूवर माझं पोट चालतं हे खरं, पण तीच शाल पुढच्या वर्षी नव्या भोकांसकट परत आली की ते पैसे घेताना बरं वाटत नाही. म्हणून गिऱ्हाइकांना तोंडानं सांगते ते सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

मुख्य सांगणं एवढंच, की ट्रंकेत सापडलेला किडा बहुतेक वेळा ट्रंकेत जन्मलेला नसतो. त्याचं मूळ घरात दुसरीकडे असतं. ते मूळ काढल्याशिवाय ट्रंकेत काहीही टाका, वर्षभरानं पुन्हा तेच.

भोक कुणाचं ते ओळखा

आम्ही भोकाला बघूनच निम्मं सांगतो. तुम्हीही सांगू शकाल. कापड उजेडाकडे धरा, आणि घरात भिंग असेल तर ते घ्या.

जुनं रेशीम एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं की घडीच्या रेषेवर चिरतं. ती चीर सरळ असते, एका दिशेचे धागे तुटलेले आणि दुसऱ्या दिशेचे बरेचसे शाबूत. इथं किड्याचा काही संबंध नाही. औषध मारू नका, वर्षातनं एकदोनदा घडी बदला. उंदरानं कुरतडलेल्याच्या कडा ओरबाडलेल्या असतात, दोरे लोंबत असतात आणि जवळपास लेंड्या सापडतातच. चंदेरी, चपटी, मागं तीन शेपट्या असलेली जी कसर आपण पुस्तकांत बघतो, तिला खळ, कागद, सुती कापड, रेयॉन आवडतं. ती कापडाचा वरचा थर खरवडते, त्यामुळं भोक पडायच्या आधी कापड जागोजागी विरळ होतं. पतंगाची अळी लोकर खाते तेव्हा रेशमी जाळी किंवा नळी मागं सोडते, आणि तिच्या विष्ठेचे बारीक कण बहुधा त्या कापडाच्याच रंगाचे असतात. भिंतीवर चपटी, राखाडी, दोन्ही टोकांना निमुळती पिशवी सरपटताना दिसते ना, तीही अशाच एका पतंगाची अळी.

आता कार्पेट बीटल. याची अळी जाळं विणत नाही. भोकं सुटीसुटी, वेगवेगळ्या मापांची, पुष्कळदा कॉलरखाली, शिवणीत, घडीच्या आतल्या बाजूला. भिंगाखाली धाग्यांची टोकं बघा. ओढून फाटलेल्या धाग्याचं टोक पिंजलेलं असतं, त्याचे तंतू चारी बाजूंना फाकलेले दिसतात. अळीनं कातरलेल्या धाग्याचं टोक बोथट असतं आणि शेजारशेजारचे धागे वेगवेगळ्या लांबीवर तुटलेले असतात. लोकरीच्या ब्लँकेटवर आधी वरची लव जाते, खालची वीण उघडी पडते, भोक त्यानंतर. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे कात. अळी वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते. ती पिवळट-तपकिरी, पोकळ, केसाळ असते, हुबेहूब अळीच्या आकाराची. फुंकर मारली की उडते, चिमटीत धरली की चुरते. कपडा पांढऱ्या चादरीवर धरून जोरात झटका आणि चादरीवर काय पडलं ते बघा. नुसती कात पडली तरी घरात अळी आहे किंवा होती असं समजा. पडलेली वस्तू हलते का ते थोडा वेळ थांबून बघा, कारण अळी घाबरली की बराच वेळ निपचित पडून राहते.

आपल्या भागातली एक खूण मात्र भिंगाशिवाय कळते. पारंपरिक इरकलीचं अंग पुष्कळदा सुती असतं आणि पदर रेशमी. पदरालाच भोकं आणि अंग धडधाकट, असं दिसलं की किडा रेशीम निवडून खातो आहे हे उघड झालं. या अळीला प्राण्यापासून आलेली वस्तू लागते: लोकर, रेशीम, केस, पिसं, शिंग, कातडं, मेलेले किडे. त्यात केराटिनसारखी प्रथिनं असतात आणि ती पचवण्याची ताकद फार थोड्या किड्यांत आहे. पॉलिस्टर, नायलॉन, सूत तिला सहसा नको. मात्र त्यावर घाम, तूप, आमटीचा डाग असेल तर तो डाग खाताखाता ती कापडही कातरते. म्हणून लग्नात नेसलेली साडी न धुता, ड्रायक्लीन न करता तशीच ठेवू नका. पदराला हात पुसलेले असतात, ब्लाऊजच्या काखेत घाम जिरलेला असतो. भोकं तिथंच जास्त सापडतात.

साडी खरं रेशीम आहे की नाही याचीच शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो. "प्युअर सिल्क" म्हणून ट्रंकेत जपलेल्या कितीतरी साड्यांचा मणी होतो, आणि तो बघून सासू-सुनांचे चेहरे कसे होतात ते मी इथं लिहीत नाही.

हा किडा आहे तरी कसला

वाढलेला भुंगा तिळाएवढा, दोन ते चार मिलिमीटर, गोलसर. पाठीवर पांढऱ्या, पिवळट, तपकिरी खवल्यांची नक्षी. बोटानं घासली तर नक्षी निघून जाते आणि खालची काळी पाठ दिसते. याच घराण्यातली दुसरी जात लांबट, एकरंगी, काळपट-तपकिरी असते. नक्षीवाल्याची अळी आखूड, जाड, अंगावर आडवे पट्टे आणि केसांचे झुपके. काळपट भुंग्याची अळी लांबट, शेपटीकडे निमुळती होत गेलेली, टोकाला लांब केसांचा गोंडा. शास्त्रीय नावं अनुक्रमे अँथ्रेनस आणि अ‍ॅटाजेनस. गहू-ज्वारीच्या कोठीत होणारा खापरा भुंगेरा याच कुळातला, त्यामुळं धान्याच्या पोत्याशेजारी लोकरीची ट्रंक ठेवू नये हे आपलं माझं मत.

भुंगा स्वतः कापड खात नाही. त्याला परागकण आणि मध लागतो. अंगणात फुलावर आलेल्या शेपूवर, कोथिंबिरीवर, गाजराच्या तुऱ्यावर तो बसलेला दिसतो. त्याला उजेड हवा म्हणून घरातला भुंगा खिडकीच्या काचेवर येतो. एखादा आला तर बाहेरूनही आला असेल. एकाच खिडकीच्या चौकटीत पुन्हा पुन्हा मेलेले सापडायला लागले तर ते घरातच तयार होत आहेत असं धरा.

नुकसान करते ती अळी. मादी चाळीसच्या आसपास अंडी घालते. दोनेक आठवड्यांत त्यातनं अळ्या निघतात आणि मग महिनोन् महिने खात राहतात. हवा आणि अन्न कसं मिळतं त्यावर हा काळ ठरतो. काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंतही लांबतो. भुंग्याचं आयुष्य मात्र काही आठवड्यांचं. "गेल्या दिवाळीला शाल नीट होती" या वाक्याचा उलगडा इथं होतो. शाल ठेवली तेव्हा नीटच होती, अंडं डोळ्यांना दिसत नाही. खिडकीतले भुंगे चप्पल घेऊन मारत बसणाऱ्यांना मी हेच सांगते, की तुम्ही मारताय त्याचं काम होऊन गेलेलं आहे.

घर वरून खाली तपासा

हा भाग कंटाळवाणा आहे, धुळीचा आहे, आणि सगळ्यात कामाचा आहे. एक दिवस काढा, नाकाला फडकं बांधा, हातात टॉर्च घ्या.

छतापासून सुरू करा. निसर्गात या किड्याचं मूळ घर म्हणजे पक्ष्यांची घरटी. त्यात पिसं असतात, मेलेली पिल्लं असतात, उष्टं-खरकटं असतं. खानापूर, जांबोटीकडच्या कौलारू घरांत वाशांच्या बेचक्यात चिमण्यांची घरटी असतात, शहरात एसीच्या मागं आणि बाथरूमच्या झरोक्यात कबुतरं. अंडी-पिल्लं असतील तर हात लावू नका. ती उडून गेली की घरटं पिशवीत बांधून टाका, जागा घासून धुवा आणि जाळी मारा. भिंतीवर, फोटोच्या मागं, दाराच्या चौकटीत कुंभारमाशी मातीचं घर करते. त्यात ती पिल्लांसाठी कोळी भरून ठेवते. माशी गेली तरी कोळ्यांचे सांगाडे आत राहतात आणि ते या अळीला पुरतात. आपल्याकडे कुंभारमाशीचं घर पाडू नये असं मानणारे आहेत. पाडू नका, पण रिकामं झाल्यावर तरी काढा.

मग दिवे. पहिल्या पावसात दिव्यावर वाळवीचे पंखवाले किडे झुंडीनं येतात. ट्यूबच्या पट्टीत, छताच्या दिव्याच्या काचेत, पीओपीच्या खाचेत त्यांचा खच पडतो आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच राहतो. तो काढा. मेलेली पाल फोटोमागं, मेलेली झुरळं फ्रीजमागं, हेही त्याच हिशेबातलं.

आता बायकांनी ऐकावं असं. केस विंचरल्यावर निघालेला गुंतवळ आपण टाकत नाही. केसांवर भांडी देणारी बाई दारावर येते, तिच्यासाठी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवतो. पिशवी कुठं, तर कपाटाच्या वर, न्हाणीघराच्या कोनाड्यात, नाहीतर थेट कपड्यांच्या ट्रंकेमागं. जुन्या घरांत भिंतीच्या भोकात कोंबलेला गुंतवळ वर्षानुवर्षं तसाच असतो. केस म्हणजे या अळीचं आवडतं जेवण. शालीला भोकं पडलेल्या एका घरी मी मुद्दाम जाऊन बघितलं. ट्रंक स्वच्छ, कागद नवा, गोळ्या भरपूर. कपाटाच्या माथ्यावरची गुंतवळाची पिशवी उलटी केली तर तळाला केसांचा नुसता भुगा आणि त्यात कातीच काती, काही अळ्या चालत्याफिरत्या. कपाटाच्या मागून ट्रंकेच्या कडीपर्यंत भिंतीच्या कडेनं मग काती सापडत गेल्या. भांड्यांचा लोभ सुटत नसेल तर झाकण फिरकीचं असलेल्या बरणीत ठेवा आणि लवकर विका. ड्रॉवरमध्ये पडलेलं गंगावण असेल तर त्याचंही हेच.

खाटेखाली, कपाटामागं, शहाबादी फरशीच्या सांध्यांत साठलेली धूळ ही खरं तर केस, कातडीचा कोंडा आणि लोकरीचे तंतू यांचं मिश्रण असते. घरात कुत्रं-मांजर असेल तर जास्तच. केरसुणीनं फराफरा झाडलं तर अंडी-अळ्या उडून दुसऱ्या फटीत जातात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची चपटी, लांब तोंडाची नळी लावून कडेकडेनं ओढा आणि पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करा. मशीनच्या पोटातही अळी मजेत वाढते. व्हॅक्यूम नसेल तर जुन्या ब्रशनं फटी उकरून ओल्या फडक्यानं टिपून घ्या. हे एकदा करून भागत नाही. राहिलेली अंडी फुटत जातात, म्हणून काही महिने दर आठवड्याला.

देव्हारा विसरू नका. वर्षातनं एकदा लागणारी धाबळी, मोरपिसं, रेशमी सोवळं देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात असतं आणि तिथं हात लावायला घरातले कचरतात. सोवळं पाळणाऱ्यांनीच ते काम करावं, पण करावं.

आणि पेटी! पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांचं हे गाव, जुन्या घरांत हार्मोनियम असायचीच. पेटीत पट्ट्यांखाली लोकरीचं फेल्ट असतं, आत मऊ कातडं असतं. वाजवत नाही अशा पेटीत अळी निवांत असते. सूर दाबला नसताना आपोआप वाजायला लागला तर दरवेळी दोष दमटपणाचाच नसतो. पेटी स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडून आतून साफ करून घ्या. तबल्याच्या पुड्यांवरही नजर ठेवा. वाड्यांत भिंतीवर सांबराचं मुंडकं टांगलेलं असेल तर तेही तपासा. भुसा भरलेल्या प्राण्यांचा आणि टाचणीला टोचलेल्या फुलपाखरांचा हा जुना वैरी, म्हणून याच्या एका जातीचं नावच अँथ्रेनस म्यूझिओरम आहे. अथणी-निपाणीच्या चपलांबद्दल विचारतात. तेल दिलेल्या, रोजच्या वापरातल्या चपलेला सहसा काही होत नाही. साठवलेल्या कच्च्या कातड्याला लागतात ते याचेच मोठे भाऊबंद.

लागलेल्या कपड्याचं काय करायचं

जी वस्तू उष्णता सोसते तिला उष्णता, जी सोसत नाही तिला थंडी. तापमान पन्नास-पंचावन्न अंशांवर गेलं आणि तासभर तिथं टिकलं की अंडी, अळी, भुंगा, सगळं मरतं.

घोंगडीला ऊन. नुसती वळणीवर टाकली तर उन्हाकडची बाजू तापते आणि अळ्या सावलीच्या बाजूला सरकतात. आधी अंगणात काठीनं दोन्ही बाजूंनी झोडपा, ब्रशनं लव उलटी-सुलटी घासा. मग काळ्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत सैल घालून तोंड बांधा आणि पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर मार्च-एप्रिलच्या दुपारच्या उन्हात ठेवा. मधे एकदा पिशवी उलटवा. आतल्या घडीला हात लावल्यावर चटका बसला पाहिजे, नुसती ऊब पुरत नाही. ढगाळ दिवशी हा उद्योग करू नका. घोंगडीच्या सुताला विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळं तिच्याकडे चंदेरी कसरही येते. झोडपण्यानं दोघांचंही निघतं. मशीनमध्ये घोंगडी धुऊ नका, आटते.

मिलिटरीचं ब्लँकेट, कोट, स्वेटर ड्रायक्लीनला द्या. त्यात अळ्या मरतात आणि त्यांना बोलावणारे घामाचे डागही जातात. घरी गरम पाण्यात लोकर धुतली तर किडा मरेल आणि स्वेटर नातवाला होईल.

रेशीम, पैठणी, पश्मिना, नैसर्गिक रंगाची शाल उन्हात घालू नका, रंग उतरतो. त्यांना फ्रीजर. साडी मऊ सुती कापडात गुंडाळा, झिपच्या जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी घट्ट बंद करा. उणे अठराच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे राहू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दिवसभर तशीच बाहेर ठेवा, नाहीतर गार कापडावर हवेतली वाफ जमून जरीवर डाग पडतो. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा सतत उघडझाक होतो, त्यात करंट गेला की सगळं पाणी. आइस्क्रीमवाल्या ओळखीच्या माणसाच्या डीप फ्रीजरमध्ये पैठणी ठेवणाऱ्या बाया मला माहीत आहेत. तो हसतो, पण ठेवतो. मोरपिसांनाही हीच पद्धत.

फवारणी शेवटी, आणि फक्त फटींत, कपाटाखाली, भिंतीच्या कडेला. कपड्यांवर कधीच नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर घराच्या मधोमध फवारून जाऊ देऊ नका, तुम्हाला काती सापडल्या त्या जागा दाखवा. घरात माशांची टाकी किंवा मांजर असेल तर आधी सांगा. घरात वापरायच्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड असतं, ते माशांना जीवघेणं आहे आणि त्यातलं परमेथ्रिन मांजरांना बाधतं.

डांबरगोळ्यांबद्दल

नेफ्थलिनची गोळी हवेत उडून जाते आणि तिची वाफ कोंदली तरच किडा मरतो. म्हणजे डबा हवाबंद पाहिजे. आपल्या ट्रंकेचं झाकण वाकलेलं, कडीच्या बाजूनं बोट जाईल एवढी फट. वाफ घरात पसरते, आपण हुंगतो, अळी ट्रंकेत जेवते. कपाटात चार गोळ्या टाकणं म्हणजे नुसता वास. हवाबंद डब्यात घालायच्याच असतील तर कापडात बांधून कपड्यांच्या वर ठेवा, कारण वाफ हवेपेक्षा जड असल्यानं खाली उतरते. जरीला आणि रेशमाला गोळी टेकू देऊ नका. गोळ्यांच्या जोडीला कापूर अजिबात नको. दोन्ही शेजारी आले की कमी उष्णतेतच वितळतात, आणि एप्रिलात पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं तेलकट पाणी साडीवर उतरतं.

यापेक्षा मोठी गोष्ट बाळांची. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीसाठी ट्रंकेतली जुनी मऊ लुगडी, लोकरीची दुपटी काढतात आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट बाळाला गुंडाळतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नेफ्थलिनच्या वाफेनं फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. बाळ तसं आहे हे आधी कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत गोळी घालूच नका, आणि जुनं कापड वापरायचं झालं तर धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच. रांगतं मूल असलेल्या घरात गोळ्या हाताला लागतील अशा ठेवू नका. पांढरी गोळी खडीसाखर समजून तोंडात जाते.

वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंगा यांना माझी ना नाही. वेखंडाच्या पुरचुंड्या मीही ठेवते. स्वच्छ कपड्यात नवा किडा येऊ नये म्हणून थोडी मदत होत असेल. आत बसलेली अळी मात्र वासानं उठून जात नाही. पाला घालायचा तर पूर्ण वाळवून घाला, ओलसर पाल्यानं बुरशी येते.

अंगाला खाज येते तेव्हा

हा किडा चावत नाही, रक्त पीत नाही, रोगही पसरवत नाही. पण अळीचे केस सुटून अंथरुणात, ब्लँकेटात पसरतात आणि काहींच्या अंगावर त्यानं पुरळ उठतं. लोक ढेकूण समजून गाद्या जाळायला निघतात. ढेकूण असतील तर चादरीवर रक्ताचे ठिपके आणि गादीच्या शिवणीत काळे डाग सापडतात. ते नसतील आणि काती सापडत असतील तर ब्लँकेटकडे बघा. पुरळ राहिलं तर डॉक्टरांना दाखवाच, आणि डबीत घालून एक कात बरोबर न्या.

परत ठेवताना

आपल्याकडचा पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. आषाढात कपडे प्लॅस्टिकमध्ये बंद केले तर किडा येणार नाही, पण बुरशी येईल. बांधाबांध कोरड्या हवेतच करा. दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरचं ऊन तापलं की एकदा सगळं बाहेर काढून झटका, ट्रंक आतून पुसून उन्हात तापवा, कागद बदला. सांध्यांत साठलेली धूळ सुईनं काढा. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडीचे कपडे धुऊन, ड्रायक्लीन करून, खडखडीत वाळवून पिशव्यांत बंद करा. रेशमाला सुती कापडाचं वेष्टण हवं, म्हणजे दमटपणा कोंडत नाही. वेष्टणाची शिवण बारीक घाला. नुकती निघालेली अळी मिलिमीटरभराची असते, सैल टाक्यातनं सहज आत जाते. ट्रंकेच्या झाकणाची फट कापडी पट्टी चिकटवून बुजवता येते.

खिडकीच्या चौकटी मी स्वतः उन्हाळ्याच्या तोंडाला नीट बघते, भुंगे मला तेव्हा जास्त दिसतात. ज्या खोलीच्या खिडकीत सापडले त्या खोलीतली शोधाशोध आधी.

राहता राहिलं रफू. भोकाच्या कडा कात्रीनं साफ करून आणू नका, ते लोंबते धागेच आम्हाला उपयोगी पडतात. शालीच्या किंवा कोटाच्या आतल्या शिवणीत जादा कापड असेल तर सांगा, तिथला धागा काढून विणला की रंग जुळतो. इरकलीच्या पदराला मिळतं रेशीम बाजारात सापडेलच असं नाही, तेव्हा घरात तशी फाटकी साडी असेल तर फेकू नका. आणि वर सांगितलेलं ऊन किंवा फ्रीजर झाल्यावरच कपडा दुकानात आणा, तोही तोंड बांधलेल्या पिशवीत. माझ्या मांडणीवर दुसऱ्यांच्या शाली असतात.